केबलनं खाल्लेले डेसिबल

रडारला पाऊस दिसत नाही. त्याला कळते ती फक्त परत आलेली शक्ती. काही लाख वॅटचा क्षणभराचा ठोका हवेत सोडायचा, ढगातल्या थेंबांवर आपटून त्यातलं जे काही माघारी येईल ते पकडायचं आणि त्यावरून तिथे किती पाऊस पडतोय याचा हिशेब मांडायचा, एवढाच त्याचा उद्योग. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं डॉपलर रडार एस-बँडमधलं आहे, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चालणारं. या जातीच्या रडारची अडीचशे किलोमीटरपर्यंतची नजर पाऊस मोजायला कामाची मानतात. एवढ्या वर्तुळात अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया सगळे येतात. तिथून परतणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की रिसीव्हरला उणे ११० डीबीएमच्या आसपासची शक्ती ओळखावी लागते. एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक.

आता प्रश्न असा, की रिसीव्हर म्हणतो ‘इतकी शक्ती आली’, ते खरं कशावरून? त्यासाठी त्याला आधी माहीत असलेली शक्ती पाजावी लागते. हे काम सिग्नल जनरेटरचं. हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा, हव्या त्या ताकदीचा सिग्नल देणारी ही पेटी. तिचा सिग्नल डायरेक्शनल कपलर नावाच्या एका आडवाटेनं रिसीव्हरच्या तोंडाशी सोडतात, शक्ती पायरी-पायरीनं उतरवत जातात आणि रिसीव्हर प्रत्येक पायरीला काय आकडा दाखवतो ते नोंदवतात. त्यातून जी रेघ तयार होते, तिच्यावर पुढचे कित्येक दिवस पावसाचे आकडे काढले जातात. नव्या रडारांत ही व्यवस्था आतच बसवलेली असते आणि रडार स्वतःची तपासणी स्वतः करत राहतं; पण त्या आतल्या जनरेटरवर तरी विश्वास का ठेवायचा, म्हणून अधूनमधून बाहेरचा जनरेटर लावून पाहणी करावीच लागते.

गोम इथेच आहे. जनरेटरच्या पडद्यावर ‘उणे ३० डीबीएम’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा जनरेटरच्या स्वतःच्या कनेक्टरपुरता खरा. तिथून पुढे केबल, केबलच्या दोन टोकांचे कनेक्टर, मध्ये एखादा अ‍ॅडॉप्टर, कधी स्विच, कधी सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर. प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो. काटोलच्या बागेत भरलेल्या संत्र्याच्या गाडीचं वजन आणि नागपूरच्या कळमना बाजारातल्या काट्यावरचं वजन यात फरक पडतो, आणि व्यापारी पैसे मोजतो ते कळमन्याच्या काट्यावर. रिसीव्हरलाही शेवटी जे पोचलं तेवढ्याशीच देणंघेणं.

डेसिबलचा हिशेब एकदा डोक्यात बसला की हे सगळं सोपं होतं. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. १० डेसिबल घटले की शक्ती दहाव्या भागावर येते, ३ घटले की जवळपास निम्मी. सोय अशी, की वाटेतल्या नुकसानीची नुसती बेरीज करायची आणि मूळ आकड्यातून ती वजा करायची. गुणाकार-भागाकाराच्या भानगडीत पडायचं नाही.

समजा, २.८ गिगाहर्ट्झवर काम आहे आणि जनरेटरपासून कपलरपर्यंत १० मीटर केबल टाकली आहे. बोटभर जाडीची, कमी नुकसानीची म्हणून विकली जाणारी केबल घेतली तरी या फ्रिक्वेन्सीला ती मीटरमागे पाव डेसिबलच्या जवळपास खातेच. कनेक्टर-अ‍ॅडॉप्टर धरून एकूण नुकसान २.७ डेसिबलच्या घरात जातं. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानातून आणलेली बारीक आरजी-५८ लावली तर तिचं खाणं मीटरला सुमारे १ डेसिबल. दहा मीटरला दहा, म्हणजे शक्तीचा नऊ-दशांश भाग वाटेतच गडप. ती केबल वाईट नाही, पण तिची जागा कमी फ्रिक्वेन्सीच्या कामात. नुकसान फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, कारण उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तांब्याच्या आतून वाहायचं सोडून पृष्ठभागाच्या पातळ थराला चिकटून वाहतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका थर पातळ आणि तितका विरोध जास्त. वर केबलच्या आतलं प्लॅस्टिकही थोडी शक्ती गिळतं.

चांगल्या केबलचे ते २.७ डेसिबल कुणी विसरलं, तर काय होईल ते बघू. रिसीव्हरला खरोखर पोचतात उणे ३२.७ डीबीएम, पण नोंदवहीत लिहिलं जातं उणे ३०. मग उद्या ढगाकडून उणे ३२.७ आले, की रडार त्याला उणे ३० म्हणणार. म्हणजे सगळं आकाश २.७ डेसिबलनं फुगलं. रडारची परावर्तनशीलता आणि पावसाचा जोर यांचं मार्शल-पामर या नावानं ओळखलं जाणारं जुनं समीकरण आहे: पावसाचा ताशी मिलिमीटरमधला जोर १.६ या घातावर चढवायचा आणि २०० नं गुणायचं. त्यातून उलट गणित केलं, तर १ डेसिबलची चूक पावसाच्या आकड्यात सुमारे १५ टक्क्यांची चूक होते. २.७ डेसिबलला हा फरक ४७ टक्क्यांवर जातो: ताशी ४० मिलिमीटर पडत असताना रडार ५९ सांगेल. परावर्तनशीलतेचा डेसिबलमधला आकडा साडेअठ्ठेचाळीसवरून एक्कावन्नच्या पुढे सरकेल. आणि पंचावन्नच्या आसपास गेला, की हवामानशास्त्रज्ञांच्या मनात गारांची शंका येऊ लागते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं विदर्भ-मराठवाड्यातल्या बागांचं काय केलं हे ज्यांना आठवतं, त्यांना हा सरकलेला आकडा नुसता आकडा वाटणार नाही. उलट दिशेची चूक तर आणखी महागात पडते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तशा रात्री जोर कमी दाखवणारं रडार कुणाला परवडेल?

तर नुकसान मोजायला हवं, आणि मोजून भरून काढायला हवं.

जुनी पद्धत अशी. जनरेटर एका फ्रिक्वेन्सीवर लावा, केबलच्या शेवटाला पॉवर मीटरचा सेन्सर जोडा, आकडा वाचा, वहीत लिहा. मग पुढची फ्रिक्वेन्सी. केबलवर एक चिठ्ठी चिकटवायची, ‘२.७ डेसिबल’, आणि काम पडेल तेव्हा तेवढे मनात मिळवायचे. रडारसारख्या अरुंद पट्ट्यातल्या कामाला हे एक वेळ चालून जातं. पण इलेक्ट्रॉनिक उपकरणांना बाहेरच्या रेडिओलहरींचा त्रास होतो का हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा घ्या, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांसाठी अशी सोय आहे. या तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की फ्रिक्वेन्सीची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या १ टक्क्याहून मोठी नको. ८० मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत या चालीनं चढायचं म्हटलं तर चारशेहून जास्त पायऱ्या होतात. हातानं हे करायला बसलेला माणूस दीडशेव्या पायरीला ओळ चुकणार, यात त्याचा दोष नाही.

म्हणून हे काम यंत्राकडे सोपवलं गेलं, आणि ते काही कालपरवा नाही. ह्यूलेट-पॅकार्डनं १९६० च्या दशकात मोजमापाची यंत्रं एका तारेनं जोडून कॉम्प्युटरकडून चालवायची पद्धत काढली. १९७५ साली ती आयईईई-४८८ या नावानं मानक झाली. तार एक झाली तरी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी होती. १९९० साली एससीपीआय ही सामाईक आज्ञावली आली आणि जनरेटरला फ्रिक्वेन्सी सांगायची तर त्या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं आणि पुढे आकडा, शक्ती सांगायची तर पॉवरची पहिली तीन अक्षरं आणि पुढे आकडा, इतकं ते सुटसुटीत झालं. आज अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली पोरं पायथॉनच्या चाळीस-पन्नास ओळींत हे करतात. कीसाइट किंवा रोड अँड श्वार्ट्झ यांच्या बऱ्याच जनरेटरांत तर ही सोय आतच असते. यूएसबीवर चालणारा सेन्सर जोडला, की दुरुस्तीचा तक्ता जनरेटर स्वतः भरून घेतो.

आत काय घडतं ते एका पायरीपुरतं जवळून पाहू. प्रोग्रॅम जनरेटरला सांगतो: २.८० गिगाहर्ट्झ, शून्य डीबीएम. सेन्सरलाही फ्रिक्वेन्सी सांगतो, कारण सेन्सरची स्वतःची ग्रहणशक्ती फ्रिक्वेन्सीनुसार बदलते आणि ती दुरुस्ती त्याच्या आत साठवलेली असते. हे सांगायला विसरलं की पुढचा सगळा तक्ता थोडाथोडा वाकडा होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग थोडा वेळ थांबणं, वाचन स्थिरावू देणं. सेन्सर सांगतो उणे २.६८. तक्त्यात लिहिलं: अधिक २.६८. आता जनरेटरची शक्ती तेवढी वाढवून पुन्हा वाचायचं. अजून कमी आलं, तर जेवढं कमी तेवढंच आणखी वाढवायचं. वाचन शून्याच्या आजूबाजूला ०.०५ च्या आत आलं की पायरी पूर्ण. पुढची फ्रिक्वेन्सी. दोन पायऱ्यांच्या मधल्या फ्रिक्वेन्सीसाठी दोन्ही आकड्यांमधून सरळ रेघ ओढून अंदाज काढतात. केबल लांब असेल आणि टोकांची जुळणी यथातथा असेल, तर नुकसानीचा आलेख लाटांसारखा वरखाली होतो. तेव्हा पायऱ्या दाट ठेवाव्या लागतात, नाहीतर लाटेचा माथाच निसटतो.

इथवर सगळं गोड. पण मला विचाराल तर या विषयातला खरा मजकूर प्रोग्रॅममध्ये नाही, प्रोग्रॅमला काय करू द्यायचं नाही यात आहे.

केबलचा एक कनेक्टर अर्धवट बसलाय असं समजा. सेन्सर म्हणतो, १२ डेसिबल नुकसान. माणूस असता तर भुवया उंचावल्या असत्या, केबल हलवून पाहिली असती. प्रोग्रॅम मुकाट्यानं १२ डेसिबल भरून काढतो. नंतर कुणाचा तरी धक्का लागतो, कनेक्टर नीट बसतो आणि समोरच्या यंत्रावर अपेक्षेच्या कितीतरी पट शक्ती जाऊन पडते. रिसीव्हरच्या तोंडाशी बसलेला नाजूक अ‍ॅम्प्लिफायर अशानं जळू शकतो. म्हणून अक्कल असलेला प्रोग्रॅम आधी अंदाज बांधून ठेवतो: एवढ्या लांबीच्या या केबलचं नुकसान अमुक ते अमुकच्या मध्ये पडायला हवं. त्याबाहेर गेलं की थांबायचं आणि माणसाला हाक मारायची. शक्तीवर वरची मर्यादा तर असायलाच हवी. दुसरं, जनरेटरची स्वतःची कुवत. शेवटाला अधिक १५ डीबीएम हवेत, वाटेत ६ जातात, म्हणजे जनरेटरकडून २१ हवेत. त्याची झेप १८ पर्यंतच असेल तर तो ‘अनलेव्हल्ड’ असा इशारा दाखवून जमेल तेवढं देत राहतो. समोर माणूस बसलेला असेल तर पडद्यावरचा इशारा वाचेल. प्रोग्रॅमला तो मुद्दाम विचारायला शिकवावं लागतं, आणि नेमकी हीच ओळ लिहायची बऱ्याच जणांकडून राहते.

सेन्सर कुठे लावायचा हाही वाटतो तितका बिनडोक प्रश्न नाही. सेन्सरला बहुधा मेल एन-कनेक्टर असतो, आणि केबलच्या टोकालाही मेलच. दोघांना जोडायला मध्ये एक फीमेल-फीमेल अ‍ॅडॉप्टर लागतो. प्रत्यक्ष कामात केबल थेट कपलरला लागते, अ‍ॅडॉप्टर निघून जातो. म्हणजे जो प्रत्यक्षात नाही त्याचं नुकसान तक्त्यात शिरलं. ते दशांश डेसिबलच्या आतबाहेरच असतं, पण ज्यांना दशांशाची फिकीर आहे त्यांनी अ‍ॅडॉप्टर वेगळा मोजून वजा करायचा.

आणखी एक अडचण सेन्सरच्या नजरेची. डायोड सेन्सर उणे ६०-७० डीबीएमच्या खाली आंधळा होतो, आणि रडारच्या रिसीव्हरची कसोटी तर उणे ११० पर्यंत घ्यायची असते. तिथे मोजणं शक्यच नाही. मग नुकसान वरच्या पातळीवर, शून्य डीबीएमच्या आसपास मोजायचं आणि खाली उतरताना जनरेटरच्या आतल्या अ‍ॅटेन्युएटरच्या पायऱ्यांवर भरवसा ठेवायचा. केबलला शक्ती कमी-जास्त असल्यानं फरक पडत नाही. ती १ मिलिवॅटमधलंही तेवढ्याच प्रमाणात खाते आणि त्याच्या अब्जांश भागातलंही. भरवसा कुठे ठेवायचा ते मात्र कळलेलं असावं: केबल आपण मोजली, अ‍ॅटेन्युएटर कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळेनं, आणि त्या प्रयोगशाळेचं पॉवरचं प्रमाण शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा दुसऱ्या देशाच्या तशाच संस्थेपर्यंत जाऊन भिडतं. या साखळीतली एखादी कडी नुसत्या गृहीतकावर असेल, तर तक्त्यात दशांशानंतर तीन अंक लिहून उपयोग नाही.

तक्त्यानं न सुटणारी गोष्ट म्हणजे उलटून येणारी शक्ती. कुठलंच टोक पुढच्या टोकाशी शंभर टक्के जुळलेलं नसतं; थोडी लहर माघारी फिरते, जनरेटरच्या बाजूला आपटून पुन्हा पुढे येते आणि मूळ लहरीत मिसळते. कधी भर पडते, कधी घट. दोन्ही टोकांना लहरीच्या उंचीचा पाचवा हिस्सा परतत असेल, तर यातून सुमारे ०.३५ डेसिबलची अनिश्चितता दोन्ही दिशांना तयार होते. सेन्सर चांगला जुळलेला, रिसीव्हर तितका नाही, म्हणजे सेन्सर लावून काढलेली दुरुस्ती रिसीव्हरला तंतोतंत लागू पडत नाही. यावरचा उपाय जरा विचित्र वाटेल: केबलच्या शेवटी मुद्दाम १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावायचा. सरळ जाणारा सिग्नल त्यात एकदाच झिजतो. माघारी फिरलेला मात्र दोनदा, म्हणजे २० डेसिबल झिजतो. नुकसान भरून काढायला बसलेला माणूस आधी स्वतःहून नुकसान वाढवतो, ते यासाठी.

नागपूरचा उन्हाळा या हिशेबात किती ढवळाढवळ करतो? २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तांब्याचा विरोध अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, उच्च फ्रिक्वेन्सीला त्याच्या निम्म्यानं. वीस अंशांच्या एसी खोलीत मोजलेली केबल गच्चीवर पंचेचाळीस अंशांत नेली, तर २.७ डेसिबलमध्ये जेमतेम ०.१३ ची भर. अगदीच दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण ढिल्या कनेक्टरपुढे किरकोळ. म्हणून माझं मत असं, की तापमानाची दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घालायच्या आधी टॉर्क पाना विकत घ्यावा. स्टीलच्या एसएमए कनेक्टरला ०.९ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचं असतं; हाताच्या अंदाजानं आवळणारे दोघे जण एकाच केबलचे दोन वेगळे आकडे काढतात. आणि लॅबमध्ये कूलर नको. नागपुरात त्याच्याशिवाय उन्हाळा निघत नाही हे खरं, पण त्याची दमट हवा घरच्या माणसांना मानवते तशी कनेक्टरला मानवत नाही.

हेच डेसिबल मोठ्या शक्तीच्या बाजूनं पाहिले तर त्यांचं रूपच बदलतं. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ ला नागपुरातून सुरू झाली ती १००० किलोवॅटच्या मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरवर. प्रयोगशाळेत ज्या ०.१ डेसिबलकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ते तिथल्या पूर्ण शक्तीवर काढून पाहा: जवळपास २३ किलोवॅट. तेवढी वीज नुसती तार तापवण्यात जाईल.

रडारकडे परत येऊ, कारण त्याच्या बाबतीत केबलवाचून चालणारा एक जनरेटर निसर्गानंच ठेवलाय. सूर्य रेडिओलहरीही सोडतो, आणि १०.७ सेंटिमीटर लांबीवरची त्याची तीव्रता कॅनडात १९४७ पासून रोज मोजली जाते. आधी ओटावाजवळ, नंतर पेंटिक्टनच्या वेधशाळेत. हा आकडा सौरडागांच्या अभ्यासासाठी गोळा केला जात असला, तरी लांबी नेमकी एस-बँडच्या रडारला लागूनच आहे. अँटेना सूर्याकडे वळली, की ठरावीक शक्ती यायलाच हवी. एक वजावट तेवढी लक्षात ठेवायची: सूर्याच्या लहरींना ठरलेली दिशा नसते, त्यामुळे आडव्या किंवा उभ्या एकाच दिशेच्या लहरी टिपणाऱ्या रिसीव्हरच्या वाट्याला निम्मीच शक्ती येते, ३ डेसिबल कमी.

सूर्याची शक्ती अँटेना, वेव्हगाइड नावाची पोकळ नळी, फिरता जोड आणि रिसीव्हर असा पूर्ण रस्ता चालून येते. जनरेटरची शक्ती मात्र कपलरपाशी मध्येच शिरते. त्यामुळे दोन्ही आकड्यांतला फरक कुठे बोट दाखवतो ते वाचता येतं. फरक आज अचानक एखाद्या डेसिबलनं उडाला असेल, तर जनरेटरची केबल काढून पुन्हा मोजतात. नुकसानीचा नवा तक्ता मागच्या तक्त्याशी जुळला, तर केबल निर्दोष सुटली. मग अँटेनापासून कपलरपर्यंतचा भाग तपासायचा. फरक महिनोन्‌महिने थोडाथोडा वाढत आला असेल, तर वेव्हगाइडमध्ये ओल शिरलीय का ते आधी पाहतात. या तपासात सगळ्यांत कामाला येतात ते प्रोग्रॅमनं प्रत्येक वेळी तारीख, तापमान आणि केबलच्या नंबरासकट साठवलेले जुने तक्ते. म्हणून तक्ता नवा झाला तरी जुना पुसायचा नसतो.